लिने नावाचं गाव

टेलिफोनच्या जुन्या डिरेक्टरीत
लिमयांच्या आधी आम्ही दोनच होतो.
एक बाबा, कळवा.
दुसरे शांतारामकाका, खारेगाव,
तोही फोन बिल न भरल्यानं बंद.

बँकेत, शाळेत, मयताच्या दाखल्याच्या रांगेत
खिडकीपलीकडचा माणूस चष्मा वर करायचा:
लिनेकर? हे लिने कुठं आलं?
बाबा न अडखळता सांगायचे,
राजापूरच्या अलीकडे. बारकं गाव. धरणात गेलं.
हळहळायचा बिचारा.
एकानं तर शपथेवर सांगितलं,
त्याच्या मावशीची आमराई त्याच पाण्याखाली आहे.

गाव नव्हतंच.
होता एक मिठाखात्याचा साहेब,
कोपरीच्या आगरांवर पोती मोजणारा,
उन्हानं नाक सोललेला, एबेल लिनॅकर.
हिरूबाय त्याच्या बंगल्यावर पाणी भरायची.
पुढचं घरात कुणी सांगत नाही.
पुढचं म्हणजे आम्ही.

साहेब बदलीवर कराचीला गेला की तापानं गेला,
दोन्ही ऐकलंय.
पोरगा राहिला, घाऱ्या डोळ्यांचा.
शाळेत घालताना मास्तरांनी विचारलं, बापाचं नाव?
हिरूबायनं जिभेला जमेल तसं सांगितलं.
मास्तरांनी बोरू दौतीत बुडवला
आणि शेवटी कर ऐकू आल्यावर
विचार कशाला करायचा?
डोक्यावरची चंद्रकोर गेली, मात्रा आली.
एका मात्रेत साहेब कोकणी झाला.

तिथून आम्ही पसरलो. म्हणजे फार नाही.
आत्या भगत झाल्या, म्हात्रे झाल्या,
त्यांच्या घाऱ्या डोळ्यांची नोंद कुठेच नाही.
एक चुलतभाऊ मस्कतला क्रेन चालवतो.
धाकटा हेमंत मतदार यादीत लोणकर छापला गेला,
तीन अर्ज केले, मग कंटाळला.
आता त्याला लोणकरांच्या मेळाव्याचं निमंत्रण येतं.
तो जातो, श्रीखंड खाऊन येतो.

गेल्या दिवाळीत लँकशायरहून एक पाकीट आलं.
डोरीन लिनॅकर, निवृत्त शिक्षिका, वय एक्क्याऐंशी.
सोबत घडी घातलेला नकाशा.
एका किनाऱ्यावर गोवरासारखे लाल ठिपके,
मग समुद्र, मग कॅनडात दोन, न्यूझीलंडात एक,
आणि ठाण्याच्या खाडीवर, पेन्सिलीनं, प्रश्नचिन्ह.
खात्याच्या यादीत तिला एबेल सापडला होता,
तिच्या पणजोबांचा भाऊ.
शेरा: अविवाहित. निपुत्रिक.
त्याची कबर कुठे दिसली तर फोटो पाठवाल का?

शेवटी तिनं अर्थ लिहिला होता, शिक्षिकेच्या अक्षरात.
लिन म्हणजे जवस. एकर म्हणजे शेत.
जवसाच्या शेताजवळ राहणारे, ते आम्ही.

मी आईला वाचून दाखवलं.
आई म्हणाली, जवस? आपल्याकडे?
खाजणात मिठाशिवाय काय पिकलंय कधी?
थोडं थांबून म्हणाली,
आणि एकर म्हणशील तर
इतकी वर्षं आडनावात घेऊन फिरतोय,
सातबाऱ्यावर गुंठा दाखव.

कबर शोधली. दोन रविवार.
चर्चमागच्या दगडांवरून हात फिरवला,
अक्षरं मिठानं खाल्लेली.
एका दगडावर एल होता, किंवा भेग होती.
फोटो काढला, पाठवला नाही.

उत्तर मात्र लिहिलं.
डोरीनबाई, यादीतला शेरा चुकीचा आहे.
आम्ही तेवीस आहोत,
हेमंतला धरून.
आत्यांची पोरं धरली तर किती, ते मोजायला घेतलंय.
प्रश्नचिन्ह पुसा, ठिपका द्या, थोडा मोठा द्या.

आणि तिनं विचारलं नव्हतं,
तरी सवयीनं हात पुढे गेलाच:
मूळ गाव राजापूरच्या अलीकडे.